गिटारीच्या पोटातली हळद

हल्ली महिन्याला एक तरी माणूस दुकानात गिटार घेऊन येतो आणि सांगतो, ही अमक्या हिरोची, ही तमक्या गायकाची. परवा मोहोळचा एकजण आला होता. त्याच्या गिटारीवर म्हणे एका मोठ्या गायकाची तीस वर्षांपूर्वीची सही. मी ओलं बोट फिरवलं तर बोट निळं झालं. "अरे बाबा, ही सही गेल्या आठवड्यातली आहे," म्हटलं तर माझ्यावरच भडकला. मीही भडकलो. मला त्याला वेळ लागत नाही. बायको म्हणते, गिऱ्हाइकापेक्षा तुमचाच आवाज पेठेत जास्त ऐकू येतो.

खोट्याला तोंडावर खोटं म्हणणारा, अशी माझी गावात ओळख आहे. तिचा मला गर्व होता. गेल्या उन्हाळ्यापासून कुणी तशी तारीफ केली की मला तिथून उठून जावंसं वाटतं.

दुकान वाद्यदुरुस्तीचं, अण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी सुरू केलेलं. अण्णा मिरजेत तंबोरे करायला शिकले आणि सोलापुरात आले. तेव्हा इथं गल्लोगल्ली ऑर्केस्ट्रा होते, म्हणून बघून बघून ते गिटारीही करायला लागले. आता त्यांची ऐंशी उलटलीय. डोळ्यांनी अंधुक दिसतं, कान मात्र अजून तिखट. दिवसभर दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले असतात.

गेल्या मे महिन्यात मास्तर आले. मास्तर म्हणजे इथल्या ऑर्केस्ट्रातले जुने गिटारवादक. तरुणपणी दिवसा यंत्रमागावर आणि संध्याकाळी स्टेजवर. त्यांची एक गोष्ट सगळ्या सोलापूरला पाठ होती. सिनेमासंगीतातला एक फार मोठा गिटारवादक इथं कार्यक्रमाला आला होता. ऐन गाण्यात त्याची तार तुटली. विशीतल्या मास्तरांनी विंगेतून धावत जाऊन ती झटक्यात बदलली. कार्यक्रम संपल्यावर त्या माणसानं ती गिटारच मास्तरांच्या हातात दिली आणि म्हणाला, "तू ठेव. तुझा हात चांगला आहे." फोटो काढला होता, पण रोल काळा निघाला. कागदबिगद काही नाही. तो कलाकारही आता राहिला नाही. जे काही होतं ते म्हणजे ती गिटार आणि मास्तरांचा शब्द.

अर्धांगाच्या झटक्यानंतर मास्तरांचा डावा हात गेला होता. पुण्याचे एक गृहस्थ त्या कलाकाराच्या वस्तू जमवतात. त्यांनी गिटार मागितली होती. काचेच्या कपाटात ठेवणार, खाली पाटी लावणार: कुणी दिली, कुणाला दिली, कुठं दिली.

"पैशे द्यायचेत ते देतील," मास्तर म्हणाले, "पण पाटीवर माझं नाव येणार की रे! मी गेल्यावर बी लोक वाचतील."

गृहस्थांची अट एकच होती, जाणकारानं गिटार खरी असल्याचं लिहून द्यायचं.

"सोलापुरात तुझ्याशिवाय हाय कोण? आणि साक्षीला अण्णा हायेतच. मिळाल्यावर महिन्याभरात हिची मान ढिली झाली, तवा अण्णांनीच दुरुस्त केली. दोन महिने ठिवून घेतली हुती. मी रोज येऊन बघून जायाचो." मास्तर हसले. "परत घेतली तर आवाज जरा वेगळा वाटला. अण्णा म्हणले, तारा नव्या हायत, बसतील हळूहळू."

मी गिटार टेबलावर ठेवली आणि बोटानं वरच्या फळीवर टकटक केलं. अण्णा खुर्चीत पेंगत होते, पाय हलवत होते. ते पाय थांबले.

"कुणाची हाय रे ती?" त्यांनी विचारलं.

"मास्तरांची. ती भेट मिळालेली."

अण्णा उठले. काठी घेतली आणि चहा यायच्या आत घरी निघाले. दिवे लागायच्या आत अण्णा कधी दुकानातून उठलेले मी पाहिले नव्हते. मला ते खटकलं, पण ऊन लागलं असेल म्हणून सोडून दिलं.

मास्तर थांबले होते. मी दातांच्या डॉक्टरकडचा असतो तसला छोटा आरसा काढला तेव्हा त्यांनी मला चिडवलं, "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" मी म्हटलं, "तुम्ही घरी जा, उद्या सांगतो." मला खात्रीच होती. नुसता उपचार म्हणून बघणार होतो.

नोटा तपासायचा जांभळा दिवा माझ्याकडं असतो. त्यात पॉलिशचा रंग उमटतो. अशा विलायती गिटारीचं कारखान्यातलं जुनं पॉलिश हिरवट दिसायला हवं, हे नारिंगी दिसलं. नारिंगी म्हणजे लाख. मिरजेच्या तंबोऱ्याला लावतात ती. म्हटलं, अण्णांनी दुरुस्तीत पुन्हा पॉलिश केलं असेल. मग पाठ बघितली. वादकाच्या कमरेच्या पट्ट्याच्या बकलानं गिटारीच्या पाठीवर ओरखडे पडतात, पण ते वर्षानुवर्षं पडत जातात, काही जुने, काही नवे, वाटेल त्या दिशेला. इथं मास्तरांचे वरचे सोडले तर खालचे जुने सगळे एका दिशेचे होते, एका बसणीत मारल्यासारखे.  गृहस्थांनी त्या कलाकाराचा मोठा केलेला फोटो पाठवला होता. त्यात फळीवर एक काळसर रेघ होती, लाकडातलीच. गिटारीवरही ती तिथंच होती. स्पिरिटचा बोळा कडेला जरासा लावला आणि रेघेचं टोक बोळ्यावर आलं.

मग मी आरसा आत घातला आणि दिवा लावला.

आमच्या घरात एक रीत आहे. अण्णा स्वतः केलेलं वाद्य बंद करताना फळीच्या आतून हळदीचं एक बोट लावतात, बाळाला तीट लावतात तसं. फक्त स्वतः केलेल्याला. दुसऱ्याचं वाद्य दुरुस्तीला आलं आणि अगदी उघडावं लागलं तरी नाही. "ज्यानं केलं त्याचं ते लेकरू," म्हणायचे. बाहेरून ती कुणालाच दिसत नाही. मी मंद्रूपला मामाकडं शाळा संपवून दुकानात बसायला लागलो, तेव्हा त्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती ही.

जांभळ्या उजेडात हळद चमकते. मास्तरांच्या गिटारीत फळीखाली एक बोट हिरवंपिवळं चमकत होतं. कडेला अर्धवट उमटलेलं, कारण अण्णांच्या त्या बोटाचं पेर तरुणपणी करवतीनं गेलेलं आहे.

मी दिवा विझवला, परत लावला. दोनदा, तीनदा.  खोटी गिटार करताना अण्णांचा हात कचरला नव्हता. हळद न लावता वाद्य बंद करायला मात्र कचरला होता.

घरी गेलो तर अण्णा ओट्यावर बसले होते, माझीच वाट बघत.

"बघितलंस व्हय?" ते म्हणाले.

"खरी कुठंय?"

"मुंबईचा एक माणूस घिऊन गेला. त्याला कुटनं कळलं देव जाणे." मग म्हणाले, "दुकानाच्या गाळ्याची पागडी कशातनं दिली वाटतं तुला? आणि मास्तरला दुसरी दिली की मी! लई मन लावून केली. चाळीस वर्षं वाजली, कुटं तडा गेलाय का सांग."

मला संताप आला तो या शेवटच्या वाक्याचा. त्यांना अजून तिचा अभिमान होता!

"लिहून दे खरी हाय म्हणून," अण्णा म्हणाले. "त्याचं नाव लागंल, त्या पुणेवाल्याला गिटार मिळंल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी लिहून दिलं नाही. यात प्रामाणिकपणा वगैरे काही नव्हता. त्या कपाटासमोर जाणकार माणसं येणार, एखादा कधीतरी आत आरसा घालणार आणि खाली सही माझी. मी घाबरलो होतो, एवढंच. आणि सगळं खरं उघड करावं तर आपलेच दात, आपलेच ओठ. म्हणून मी अर्धं खरं सांगायचं ठरवलं. अर्धं सांगण्यानं कुणाचा गळा कापला जाईल, हे मला त्या रात्रीही कळत होतं. उगाच कळलं नव्हतं असं म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याचे गृहस्थ आले. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून आले होते. अण्णांना घरी थांबा म्हणून सांगितलं होतं, तरी ते येऊन खुर्चीत बसले. मागच्या गल्लीतले माग बंद होते, वीज गेली होती. पंखाही थांबलेला.

"ही ती गिटार नाही," मी म्हणालो.

मास्तर हसले. "मस्करी करू नको की."

मी पॉलिश दाखवलं, ओरखडे दाखवले, रंगवलेली रेघ दाखवली. आत आरसा घातला नाही. मास्तरांचं हसू गेलं. ते गिटारीकडं बघत राहिले, मग माझ्याकडं.

"मग माझी कुटं हाय?"

उत्तर दोन पावलांवर खुर्चीत बसलं होतं. मी टेबलावरचा बोळा उचलून डब्यात ठेवला.

मास्तर अण्णांकडं वळले. "अण्णा, तुमी तरी सांगा. तुमच्या हातनं गेलीय ती. तीच हाय का न्हाय?"

अण्णा दाराबाहेर बघत होते. "लई वर्षं झाली," ते म्हणाले. "मला न्हाय आठवत."

गृहस्थ सज्जन होते. त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नका. एखादी गोष्ट वर्षानुवर्षं सांगत राहिलं की माणसाला ती खरीच वाटायला लागते." आणि ते गेले. मास्तरही गेले. गिटार त्यांनी नेली नाही.

आठ दिवसांत सगळीकडं झालं. ऑर्केस्ट्रावाले आमच्याच कट्ट्यावर बसून हसायचे, म्हातारा पक्का थापाड्या निघाला, आपण चाळीस वर्षं ऐकत बसलो. एकदा मी त्यांच्यावर ओरडलो, "उठा इथून!" ते म्हणाले, "तूच शोधून काढलंस की." मी आत जाऊन बसलो. रोज सकाळी ठरवायचो, आज मास्तरांकडं जायचं आणि सांगून टाकायचं. रोज काहीतरी काम निघायचं. घरात मी आणि अण्णा एका पंगतीला बसलो तरी बोलत नव्हतो. बायको विचारायची, काय झालंय? मी तिच्यावरच खेकसायचो.

महिन्यानं मास्तर स्वतःच आले. गालफडं बसली होती. मला वाटलं, आले. कळलं त्यांना. भीती वाटली, आणि खरं सांगतो, जरा बरंही वाटलं.

ते म्हणाले, "मी लई विचार केला. तू कुणाच्या बापाला भीत न्हाईस. खोट्याला खोटं म्हणतोस. म्हंजे चूक माझीच. त्यांनी मला नुसती धरायला दिली आसंल. ही मी दुसरीकडनंच कुटनं तरी घेतली आसंल. तुझा हात चांगला हाय म्हणले ते, ते मला अजून ऐकू येतंय बघ. पण आता त्याला काय धरायचं? बायकोला म्हणलं, आजपास्नं ती गोष्ट बंद."

"मास्तर..." मी म्हणालो.

त्यांनी मला हातानं थांबवलं आणि अण्णांच्या खुर्चीसमोर गेले. डावा हात लुळा, म्हणून उजव्यानं खुर्चीचा दांडा धरत धरत गुडघ्यावर बसले, आणि मग त्याच हातानं अण्णांच्या पायांना हात लावला.

"अण्णा, उगाच तुमाला साक्षीला वढलं. ह्या वयात तुमाला तरास दिला. माफ करा."

आता बोलतील, असं मला वाटलं. माझा जीव कानात आला होता. अण्णांचा हात उठला, हवेत चाचपडला आणि मास्तरांच्या डोक्यावर टेकला.

"आसू दे, आसू दे," अण्णा म्हणाले. "सुखी ऱ्हा."

मास्तरांना एका हातानं उठता येईना. मी पुढं झालो, काखेत हात घालून त्यांना उभं केलं आणि म्हणालो, "सावकाश, मास्तर."