टिंब जिथे शोभेल तिथे

दुसऱ्याच्या खुर्चीत बसण्याची एक कला असते. खुर्चीची उंची बदलायची नाही, खण उघडायचे नाहीत, आणि टेबलावरच्या फोटोतल्या परक्या मुलांना रोज सकाळी ओळखीचं हसून दाखवायचं. आमच्या हंगामी संपादकाला वीस वर्षांत ही कला पुरती साधली होती. कुणी बाळंतपणाला गेलं, कुणाचं हाड मोडलं, कुणी रागाच्या भरात राजीनामा फेकून घरी जाऊन बसलं, की याला बोलावणं यायचं. त्याने विमा कंपनीचं मासिक सांभाळलं होतं, पाककृतींची जाडजूड पुस्तकं तपासली होती, एका निवृत्त न्यायाधीशाच्या आठवणी निम्म्यावर आणून ठेवल्या होत्या. कायम झालेली माणसं त्याचं नाव लक्षात ठेवायच्या भानगडीत पडत नसत. 'हंगामी आले का?' एवढंच विचारत, आणि तोही 'आलो, आलो' म्हणून ओ द्यायचा.

माणूस तसा गरीब गाय. व्यसन एकच, लाल पेन. हॉटेलातलं मेनूकार्ड, लिफ्टमधली सूचना, डॉक्टरांची चिठ्ठी, काही म्हणून त्याच्या तावडीतून सुटायचं नाही. लग्नाआधी बायकोने लिहिलेलं पहिलं पत्र त्याने दोन वेलांट्या सुधारून परत पाठवलं होतं. तरीही तिने लग्न केलं, यावरून तिच्या सहनशक्तीची कल्पना यावी. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि म्हणायची, "आमच्याकडे दोष सापडला तर माणसाला हळू आवाजात सांगतात. तुमच्याकडे गोल करून सांगतात."

दोन वर्षांपूर्वी तिचे वडील त्यांच्याकडे राहायला आले. डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी शिडी चढायला बंदी केली. आणि शिडी चढणं हाच त्यांचा धंदा होता. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. अक्षर असं, की गिऱ्हाईक पाटी बघत उभं राहायचं आणि दुकानात शिरायचं विसरायचं. शुद्धलेखनाचा मात्र आनंदीआनंद, आणि तोही ते 'आंनदी' असाच लिहीत. शहरातल्या बारा दुकानांवर 'सायकल दुरूस्ति' अशी त्यांच्या हातची पाटी होती, आणि ती दुरुस्त करायचं बाराही जणांना कधी सुचलं नव्हतं. त्यांचा सिद्धान्त सोपा होता. "टिंब जिथे शोभेल तिथे द्यावं, जावईबापू. शब्दाला तोल पाहिजे. एका बाजूला सगळं वजन आलं की पाटी तिरकी दिसते."

जावईबापूंचं अगदी उलट. शुद्धलेखन सोळा आणे, आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. एका घरात अशी दोन माणसं आली की कुणी कुणाकडून काय शिकावं हे खरं तर उघड होतं. पण जो चूक काढतो त्याला कधी वाटतं का, की आपल्यालाही काही शिकायचं आहे?

सासऱ्यांना चिठ्ठ्या लिहायची सवय होती. सकाळी फिरायला जाताना फ्रिजच्या दारावर चिठ्ठी लावून जात. 'दुध आणले आहे. तापवून ठेवले आहे. बाबा.' तेवढ्या ओळीलाही खाली नक्षीदार रेघ. हंगामी चहाचा कप घेऊन यायचा आणि हात आपसूक खिशाकडे जायचा. 'दु'वर लाल गोल. "बाबा, पहिल्या उकाराचं दूध पाणचट लागतं हो," असं तो संध्याकाळी म्हणाला, तेव्हा सासरे खो खो हसले. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा नुसते हसले. पाचव्या-सहाव्या वेळेला त्यांनी वर्तमानपत्र थोडं वर धरलं. हंगामीचं काही लक्षच नव्हतं. पुढे चिठ्ठ्या कमी झाल्या, मग बंदच पडल्या.

"हल्ली चिठ्ठी नाही लिहीत, बाबा?" त्याने एकदा विचारलं.

"तोंड आहे की," सासरे म्हणाले. "तोंडाला वेलांटी नसते."

हंगामीला हा विनोद आवडला. त्याने तो ऑफिसात दोघांना सांगितलाही. काही माणसांच्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागतो.

त्या वेळी त्याचं ऑफिस म्हणजे एक साप्ताहिक होतं, आणि खुर्ची होती ताईंची. 'ताईला विचारा' हे सदर घरोघरी वाचलं जाई. सासू छळते, मुलगा बोलत नाही, नवरा घोरतो, सगळ्यांवर ताईकडे इलाज असे. अठरा वर्षं ही ताई म्हणजे झुपकेदार मिशांचे एक गृहस्थ होते. ते गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी सहा आठवडे रजेवर गेले आणि ताईपण हंगामीच्या गळ्यात पडलं. घरी सांगायची त्याला लाज वाटली. वीस वर्षं या धंद्यात घालवून शेवटी 'ताई' झालो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? त्याने "सल्लागार विभागात आहे" असं सांगून वेळ मारून नेली होती.

पाचव्या आठवड्यात, मंगळवारी जेवणानंतर, त्याने पत्रांचा गठ्ठा पुढ्यात घेतला. वरचंच पत्र वेड्यावाकड्या अक्षरातलं होतं, डाव्या हाताने लिहिल्यासारखं.

'ताईस नमस्कार. मी एक वयस्कर बाई आहे आणी मुलिकडे राहतो. जावई सज्जन आहेत. दारु नाही, आरडाओरड नाही. पण मी चिठ्ठि लिहीली कि ते लाल पेनने सुधारतात. जन्मभर मी अक्षरांवर जगलो. आता दोन ओळी लिहायच्या तर हात अडतो. या घरात मी कायमचा आहे का हंगामि, तेच कळत नाही. पुतण्या रवीवारी न्यायला येतो म्हणतो. जाऊ का? आपली, एक काळजित पडलेली बाई.'

हंगामीने काय केलं असेल? पेनचं टोपण काढलं. 'आणी'चा 'आणि' केला, 'कि'ला दुसरी वेलांटी दिली, 'राहतो'चं 'राहते' केलं, 'जगलो'चं 'जगले' केलं. बिचारी बाई, असं त्याच्या मनातही आलं. काय एकेक जावई असतात! कागदभर लाल झाल्यावर त्याने हिशोब घातला, बारा चुका, आणि मागेही काही लिहिलंय का म्हणून कागद उलटला.

मागे छापील मजकूर होता. 'कांदा बारीक चिरुन घ्यावा.' त्यातल्या 'रु'भोवती लाल गोल होता आणि बाजूला कोंबडीच्या पायांनी लिहिलं होतं, 'दीर्घ! किती वेळा सांगायचं?'

ते कोंबडीचे पाय त्याच्या पूर्ण ओळखीचे होते. पाककृतींच्या पुस्तकाची जुनी तपासलेली पानं घरी रद्दी म्हणून पडली होती, आणि पाठकोरा कागद वाया घालवणं सासऱ्यांना जमत नसे. त्याने कागद पुन्हा सुलटा केला. डाव्या हाताने लिहिलं तरी 'ह'ची शेपटी नक्षीदार रेघेसारखी वळलीच होती. हंगामीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसाने 'माझ्या चुका काढू नका' म्हणून लिहिलं, त्याच्या त्याच पत्रातल्या बारा चुका त्याने आत्ताच काढल्या होत्या. तो बराच वेळ फोटोतल्या परक्या मुलांकडे बघत बसला. त्या दिवशी त्याला हसून दाखवता आलं नाही.

संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा सासऱ्यांच्या खाटेखालची पत्र्याची पेटी बाहेर आली होती. ती ब्रशांची पेटी. ते एकेक ब्रश फडक्याने पुसून आत ठेवत होते.

"बाबा, हे काय?"

"पुसून ठेवतो. गंजतंय सगळं."

पेटीत ब्रशांच्या शेजारी दोन सदरे घडी करून ठेवलेले होते. सदरे काही गंजत नाहीत. हंगामी दारात उभा राहिला, घसा खाकरला, "बाबा," म्हणाला, आणि पुढे "चहा घेणार?" एवढंच निघालं. बोलायचं कसं? तुमचं पत्र वाचलं म्हणावं, तर म्हाताऱ्याने नाव लपवून, बाई होऊन, डाव्या हाताने घेतलेली सगळी मेहनत मातीत जाणार. आणि वर, 'ताई मीच' हेही सांगावं लागणार.

अंक शनिवारी निघायचा, पुतण्या रविवारी येणार होता. बुधवारी सकाळी हंगामीने ताईचं उत्तर लिहायला घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने एकच परिच्छेद सात वेळा खोडला. मग त्याने सासऱ्यांचं मूळ पत्र स्वतः टाइप केलं, एकेक चूक मूळ जागी परत नेऊन ठेवत. चूक जशीच्या तशी टाइप करणं त्याच्या बोटांना जमेना. 'आणी' लिहिताना करंगळी आखडली.

पानं लावणाऱ्या बाई कागद घेऊन त्याच्याकडे आल्या. "हंगामी, हे असंच?"

"असंच."

"'बाई आहे' आणि पुढे 'राहतो'?"

"हो."

"बरं वाटत नाही का तुम्हाला?"

"एकही वेलांटी हलता कामा नये," हंगामी म्हणाला. "हलली तर मी इथे उपोषणाला बसेन."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मुख्य संपादिका बाहेरगावी होत्या, आणि शुद्धलेखनासाठी ठेवलेल्या माणसानेच चुका छापा म्हटल्यावर अडवणार कोण? पान छापायला गेलं.

शनिवारी सकाळी सासरे जेवणाच्या टेबलाशी भिंग घेऊन बसले. बायको केस विंचरत होती. हंगामी फ्रिजकडे तोंड करून उगीच आतलं सामान हलवत होता. भिंग पानावरून सरकत होतं आणि मध्येच थांबलं. पत्राखाली ताईचं उत्तर होतं.

'प्रिय बाई (किंवा बुवा), जाऊ नका. तुमचे जावई गाढव आहेत, पण लाथ मारणारे नसावेत. वीस वर्षं दुसऱ्यांच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या चुका काढल्या की माणसाला घरी आल्यावर पेन खिशात ठेवायचं कळत नाही. आपण कायम आहोत की हंगामी, हा प्रश्न छातीत कसा टोचतो हे त्यांना पुरतं ठाऊक आहे. म्हणून तर त्यांना जास्त लाज वाटायला हवी. तुमच्या चिठ्ठ्यांवाचून त्यांची सकाळ सुनी झाली आहे. तुमचं पत्र एकही वेलांटी न हलवता छापलं आहे. ताई.'

सासऱ्यांनी ते दोनदा वाचलं. भिंग पुसलं आणि तिसऱ्यांदा वाचलं.

"पोरी," ते मुलीला म्हणाले, "ही ताई मोठी पोचलेली दिसते. वीस वर्षं दुसऱ्यांच्या खुर्चीत, हे तर मी लिहिलंच नव्हतं."

एवढं बोलल्यावर आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं. बायकोचा कंगवा केसांत तसाच राहिला. हंगामीचं डोकं फ्रिजमध्ये होतं, तिथून ते बाहेर काढायचं की नाही याचा तो विचार करत होता.

"जावईबापू."

"हं?"

"दार लावा. दूध नासेल."

हंगामीने दार लावलं. त्याचे डोळे भरून आले होते, आणि फ्रिजच्या गारठ्यावर ढकलण्याइतकी काही थंडी नव्हती. सासऱ्यांनी पेटीतले दोन सदरे काढून पुन्हा खुंटीला लावले. रविवारी पुतण्या गाडी घेऊन आला, पोटभर जेवला, आणि जसा आला तसा रिकामा परत गेला.

बुधवारपर्यंत ऑफिसात पंचावन्न वाचकांची पत्रं येऊन पडली. निम्म्यांना बाई की बुवा हे हवं होतं, उरलेल्यांनी चुका मोजून पाठवल्या होत्या. एका सुतारकाम करणाऱ्या वाचकाने लिहिलं होतं, की मला एकही चूक दिसली नाही, पण वाचून मी सासऱ्याला फोन केला. मुख्य संपादिका मात्र लालबुंद झाल्या होत्या.

"शुद्धलेखनासाठी ठेवलं होतं तुम्हाला!"

"हो, बाई."

"तुमची मुदत शुक्रवारी संपते. आजच संपली असं समजा."

हंगामी "समजलो" म्हणाला, आपला डबा उचलला, फोटोतल्या मुलांना हसून दाखवलं आणि निघाला. आता जाण्याचीही कला त्याला साधली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजवर चिठ्ठी होती. 'दुध आणले आहे.' त्याने लाल पेन काढलं, जरा वेळ हातात धरलं, आणि खाली कोंबडीच्या पायांनी लिहिलं, 'आणि छान लागले.' संध्याकाळी सासऱ्यांनी त्याला टेबलाशी बसवलं. "शुद्धलेखन तुमचं तुम्हाला लखलाभ," ते म्हणाले, "पण हे अक्षर बघवत नाही. मनगट सैल सोडा." तेव्हापासून रोज अर्धा तास तो 'अ' काढत बसू लागला. प्रगती फारशी नाही.

महिन्याभराने एका शालेय पुस्तकांच्या प्रकाशनातून बोलावणं आलं. निघताना सासऱ्यांनी त्याच्या हातात कागदात गुंडाळलेली फळी दिली. पिवळी कड, काळंभोर डौलदार अक्षर: 'सपांदक'.

हंगामीने पाटी वळवून बघितली. "बाबा, 'हंगामी' नाही लिहिलंत?"

"जागा पुरली नाही," सासरे म्हणाले. शब्दाच्या दोन्ही बाजूंना वीतभर फळी मोकळी होती.

नव्या ऑफिसात त्याने दुसऱ्याच्या टेबलावर, दुसऱ्याच्या मुलांच्या फोटोशेजारी ती पाटी उभी केली. तासाभरात तिथला मुद्रितशोधक चष्मा सावरत येऊन उभा राहिला. चांगला माणूस होता, पण हाडाचा मुद्रितशोधक.

"साहेब, राग मानू नका. तुमच्या पाटीवरचं टिंब एक घर पुढे सरकलंय. देता का, पुसून नीट करून देतो."

"नको," हंगामी म्हणाला, आणि पाटी जरा स्वतःकडे ओढून घेतली. "ते तिथे कायम झालंय."