आभाळाची बारी

ड्रोन उडवण्याआधी विमलकाकू बांधावर उभ्या राहून वर बघत आणि मोठ्यांदा विचारत, "वर कोन हाय?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. तीर्थपुरीजवळच्या शिवारात त्या ड्रोननं फवारणी करायच्या. मी ड्रोननं लग्नांचं शूटिंग करायचो.

काकूंच्या गळ्यात ड्रोनच्या परवान्याचं कार्ड आणि पदर कमरेला खोचलेला. आमच्याकडे चार भावांत एक विहीर असली की पाण्याच्या बाऱ्या ठरतात. ज्याची बारी, त्याचीच मोटार. काकूंनी तोच कायदा वर नेला. गावाच्या ग्रुपवर रोज त्यांचा आवाज यायचा, "सात ते नऊ बारी माझी, वढ्याकडची तूर. दुसऱ्यानं वर येऊ न्हाई." मी म्हणालो, "काकू, एवढं मोठं आभाळ आहे!" त्या म्हणाल्या, "इहीरबी मोठीच असती, बाप्पा. भांडनं बारीवरूनच होतेत."

मार्गशीर्षातल्या एका लग्नात नवरदेव हेलिकॉप्टरनं येणार होता. उतरतानाचा शॉट चुकता कामा नये, असं मुलीच्या वडिलांनी मला बजावलं होतं. मी कुणाला न विचारता ड्रोन वर घातला. शेजारच्या तुरीत काकूंची फवारणी चालू होती. हेलिकॉप्टरची घरघर ऐकताच त्यांनी काम अर्धवट टाकून आपला ड्रोन उतरवला आणि मांडवापर्यंत धावत आल्या.

"काय करून राह्यलास? जल्दी उतरव! बारी त्याची हाय!"

"काकू, शॉट जाईल."

"जाऊ दे! त्यात मानसं हायेत!"

मी ड्रोन उतरवला. मिनिटभरात हेलिकॉप्टर वळलं आणि माझा ड्रोन जिथं थांबला होता, बरोबर तिथूनच खाली आलं. मुलीचे वडील माझ्यावर खवळले, तर काकू मध्ये पडल्या. "मला बोला. मीच उतरवाय लावलं." आणि उरलेली तूर फवारायला निघून गेल्या.

गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन काकू गेल्या. परवा तोच नवरदेव लेकीला कडेवर घेऊन स्टुडिओत आला. शॉट का नव्हता, हे त्याला आत्ता सासऱ्यांकडून कळलं होतं. म्हणाला, "त्या बाईंचा फोटो द्या. घरात लावायचाय."

मी सगळं धुंडाळलं. काकूंचं शेत, ओढा, तूर, सगळं वरून काढलेलं सापडलं. काकूंचा फोटो एकही नव्हता. त्या माणसासमोरच मला रडू फुटलं.