दगडाखालचं घर

सुपारीच्या कुळागरात पाणी सोडण्याआधी देवकी वहाळाच्या वाहत्या पाण्यातला दगड उलटून पाहायची. सासूने लावलेली सवय: किडा जगतो ते पाणी चांगलं. दगडाखाली किडे वळवळले, तरच ती पाट उघडायची. गाव हसायचा, तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

त्या सकाळी वरच्या खाणीचा साहेब ‘वहाळ स्वच्छ आहे’ असा कागद घेऊन आला. सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. निम्म्या गावाची चूल खाणीवरच पेटत होती. अडलं होतं ते देवकीपाशी. साहेबाने बाटलीतलं पाणी उन्हात धरलं.

“बघा, किती नितळ! करा सही.”

“पाणी नको दाखवू. दगड उलट.”

साहेब पँट दुमडून पाण्यात उतरला, दगड उचलला आणि ओरडलाच, “हा बघा किडा!”

दगडाला वाळूच्या कणांची बारीक नळी चिकटली होती, किड्याने स्वतःसाठी बांधलेलं घर. काठावर उभ्या सरपंचाचा जीव भांड्यात पडला.

देवकीने नळी खुडून नखांत चेपली. आतून किडा नाही, खाणीचा तांबडा गाळ तेवढा बाहेर आला. तो तिने साहेबाच्या तळहातावर पुसला.

“घर किड्याचंच आहे, साहेबा. पण आत तूच राहायला आलास.”