मूर्तीखालची अख्खी शिळा

“या ब्लॉकला तेल कुणी लावलं?”

मी यार्डात उभा राहून ओरडत होतो आणि यार्डातली सगळी माणसं एकदम कामाला लागली होती. कुणी क्रेनचा हुक तपासत होतं, कुणी उगाच पाण्याचा पाइप गुंडाळत होतं. शेवटी ऑफिसच्या दारातून मोहितेसाहेब म्हणाले, “मी लावायला सांगितलं. पार्टी बघायला येतेय. फोटो काढतील. दगड कसा काळाभोर दिसला पाहिजे.”

मोहितेसाहेब म्हणजे आमचे प्लँट मॅनेजर. महाळुंग्याच्या पुढे आमचा ग्रॅनाइटचा कारखाना आहे. खाणीतून ओबडधोबड ब्लॉक येतात, आम्ही त्यांचे स्लॅब कापतो. कोणता ब्लॉक कसा कापायचा हे ठरवणं माझं काम. बाहेरच्या माणसाला वाटतं त्यात ठरवायचं काय, मशीनखाली घातला की झालं. आमच्या मॅनेजरलाही तसंच वाटतं, हे जास्त वाईट.

दगड वाचायची आमची पद्धत साधी आहे. ब्लॉक धुवायचा, ओला करायचा आणि वाळताना बघत बसायचं. चांगला दगड सगळीकडे सारखा वाळतो. आत चीर असेल तर ती पाणी धरून ठेवते आणि बाकीचा दगड सुकला तरी तिथे एक गडद रेघ राहते. तेल लावलं की सगळाच दगड गडद होतो आणि ओला केला तरी पाणी वरून निघून जातं. म्हणजे मला जे एकच साधन होतं तेच यांनी फोटोसाठी घालवलं होतं. माझं डोकं सणकलं होतं ते त्यामुळे.

त्यातून हा ब्लॉक आमचा नव्हताच. कासारवाडीत काही कुटुंबं मिळून बुद्धविहार बांधत होती. सगळी नांदेडकडच्या एकाच गावातली, कारखान्यांच्या नोकऱ्यांसाठी इकडे आलेली. गावच्या लोकांनी आपल्या डोंगरातला दगड त्यांना भेट पाठवला होता. त्यातून मूर्तीखाली ठेवायला एक जाड अख्खी शिळा हवी होती, बाकीची फरशी. शिळेला जोड नको, एवढीच त्यांची अट होती. हा ब्लॉक फुटला तर दुसरा कुठून आणणार? बाजारात दगड भरपूर मिळतो, पण गावाने पाठवलेला मिळत नाही.

मी हातोडीने ठोकून बघितलं. सगळीकडे टण्ण आवाज आला. एका कोपऱ्यावर मात्र बद्द.

“साहेब, इथे चीर आहे. कुठे जाते ते कळल्याशिवाय मी ब्लॉक चढवणार नाही.”

“सावंत, आज मशीन रिकामी आहे. कुशीवर उभा करा आणि चालू करा. मोठे स्लॅब निघतात. त्यांना पण मोठीच शिळा पाहिजे, तसा ओटा बांधून ठेवलाय त्यांनी.”

“आणि चीर आडवी गेली तर?”

“तर दगड कच्चा होता असं सांगू. नॅचरल मटेरियल आहे.”

हे ‘नॅचरल मटेरियल’ ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. चूक आपण करायची आणि नाव निसर्गाचं घ्यायचं.

इथे थोडं समजावून सांगतो. आमच्या मशीनला गँगसॉ म्हणतात. त्यात पुष्कळ पाती ओळीने उभी असतात आणि अख्खा ब्लॉक एकदम कापतात. एकदा सुरू झालं की ब्लॉक फिरवता येत नाही. ब्रेडला एखादी भेग असेल तर भेगेच्या दिशेने सुरी चालवली की एखादीच स्लाइस वाया जाते. भेगेला आडवी चालवली तर प्रत्येक स्लाइस फाटते. दगडाचंही तेच. ब्लॉक उभा कापायचा की निजवून, हे चीर बघून ठरवायचं असतं, मशीन कधी रिकामी आहे ते बघून नाही.

आमचं हे चाललेलं असतानाच वाघमारेबाई आल्या. विहाराच्या कमिटीचं काम त्या बघत. चाकणच्या एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत इन्स्पेक्शनला होत्या, आता रिटायर झालेल्या. मोहितेसाहेबांचा आवाज एकदम मऊ झाला.

“या मॅडम. बघा तुमचा दगड, एकदम फर्स्ट क्लास.”

बाईंनी ब्लॉकवरून बोट फिरवलं, वास घेतला.

“हे तेल हाय का?”

“थोडं पॉलिश समजा.”

“आमच्याकडं पार्ट तपासायच्या आधी तेल पुसून घेत होतो. तुमी तपासायच्या आधी लावता?”

मोहितेसाहेब हसले. बाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे वळल्या. “कापणारे तुमी ना? तुमी सांगा.”

साहेब माझ्याकडे असे बघत होते की दुसऱ्या कुणी वेळ मारून नेली असती. पण मला राग आला होता, आणि राग आला की मला वेळ मारून नेता येत नाही. मी सांगून टाकलं. कोपऱ्यात चीर आहे. कुठे जाते ते तेलामुळे दिसत नाही. तशीच घाई केली तर शिळा मधोमध दुभंगू शकते. निजवून कापावा लागला तर शिळा अख्खी मिळेल, पण रुंदीला कमी भरेल.

“मॅडम, तुमचा ओटा बांधून झालाय,” साहेब घाईने म्हणाले. “लहान शिळा त्याच्यावर कशी दिसेल?”

“ओटा विटांचा हाय. विटा काढता येतात,” बाई म्हणाल्या. “आधी ते तेल काढा.”

गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घेऊन आम्ही ब्लॉक घासला, पुन्हा पुन्हा घासला. मग उन्हात चांगला वाळू दिला आणि ओला केला. दगड सुकत आला तशी रेघ दिसायला लागली. कोपऱ्यापासून निघून कडेजवळून थेट लांबीने गेली होती. उभा कापला असता तर एकही स्लॅब वाचला नसता. मी साहेबांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, “ठीक आहे, पण क्लायंटसमोर तोंड उघडायची काय गरज होती?”

चीर बघून त्यांना एवढंच सुचलं!

ब्लॉक निजवून कापला. कडेचे दोन स्लॅब मशीनमध्येच चिरेवर फुटले, तेवढे जाणारच होते. मूर्तीखालची शिळा अख्खी निघाली. बाईंनी तिच्यावर दोन्ही बाजूंनी पाणी टाकायला लावलं, वाळेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या आणि मगच गाडीत चढवू दिली. कासारवाडीत ओट्याच्या विटा काढून तो पुन्हा बांधला. मूर्ती आता त्या शिळेवर आहे. मी जाऊन हात लावून आलो.

मला मात्र कटिंगवरून काढून डिस्पॅचला टाकलं. कारण सांगितलं, क्लायंट हँडलिंग जमत नाही. ज्याने शेकडो ब्लॉक वाचून कापले त्याने आता गाड्या भरून द्यायच्या! मी भांडलो. उपयोग झाला नाही.

बाईंना कुठून तरी कळलं. त्यांचा फोन आला.

“मग तुमच्या जागी कोण हाय?”

“कुणी नाही. सगळे ब्लॉक आता उभेच कापतात. बघायचंच नाही असं ठरलंय.”

“आमच्या कंपनीत बी शेवटी तेच केलं,” बाई म्हणाल्या. “इन्स्पेक्टर काढला, त्याच महिन्यात रिजेक्शन शून्य.”

आमचाही रिपोर्ट या वेळी शून्यच गेला. फुटके स्लॅब गाडीत मीच भरतो.