मिठापुढची खूण

बावीस वर्षं मी लग्नकार्याचा स्वयंपाक केला आणि त्यात एकदाही कागद जवळ बाळगला नाही. पौडपासून वर ताम्हिणीपर्यंत कुणाकडे लग्न असो, बारसं असो, वास्तुशांत असो, घरचा कर्ता माणूस आमच्या ओट्यावर येऊन बसायचा आणि मी विचारायची, "पानं किती?" त्यानं तीनशे म्हटलं की मी एका दमात सांगत सुटायची. तांदूळ एवढा, तूरडाळ एवढी, गूळ, तेल, खोबरं, कोथिंबिरीच्या जुड्या. तो भराभर लिहून घ्यायचा आणि माझ्याकडे बघत राहायचा. त्या बघण्याचा मला मोठा तोरा होता. नववीपर्यंत शिकले होते, लिहिता येत होतं, पण लिहायची गरज ज्याचं डोकं कच्चं त्याला, असं मी चारचौघात म्हणायची.

एका वर्षी दिवाळीनंतर मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, गाडीवर मागे बसून घरी येत होते. वळणावर म्हैस आडवी आली आणि गाडी घसरली. मालकांचं कोपर सोलवटलं. माझं डोकं रस्त्यावर आपटलं. पुण्यात बारा दिवस दवाखान्यात काढून घरी आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, निभावलं. मलाही वाटलं. माणसं ओळखत होते, देवाची आरती म्हणत होते, तीनशे पानांना किती डाळ लागते ते झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. गेलं होतं ते फक्त आत्ताचं. पाच मिनिटांपूर्वी काय केलं ते पुसून जायचं. चहात दोनदा साखर पडायची. डाळ शिजत ठेवून मी परसात जायची आणि करपल्याचा वास आला की विचारायची, "कुणी ठेवली ही?"

मालक उठून गॅस बंद करायचे. मीच ठेवली होती हे त्यांच्या तोंडाकडे बघून कळायचं.

तीन महिन्यांनी एका बारशाचं बोलावणं आलं. सत्तर पानं म्हणजे माझ्या हातचा मळ. घरचे नको म्हणत असताना मी गेले. आमच्यात नैवेद्य दाखवल्याशिवाय जेवण चाखत नाहीत. मीठ डोळ्यानं आणि मापानं घालायचं, जिभेनं नाही. बावीस वर्षं मी तसंच घातलं होतं. त्या दिवशी आमटीत मी मीठ तीनदा घातलं. तिन्ही वेळा आत्ताच घालतेय अशा खात्रीनं.

माझ्याबरोबर अठरा वर्षं काम करणाऱ्या आक्कानं नैवेद्यानंतर आमटी जिभेवर ठेवली आणि तिचा चेहरा उतरला. ती पाणी ओतू लागली, बटाटे चिरू लागली. आमटी काही सुधारली नाही. लोकांनी शिरा-भात खाल्ला आणि उठले. आम्ही टेम्पोनं परत आलो. आमचं घर आलं तेव्हा आक्का म्हणाली, "बाई, तुमी आता घरी बसा. आमी करतो."

तिनं वाईट मनानं म्हटलं नव्हतं. पण मी आठ दिवस जेवताना मान वर केली नाही.

आमची सून सूस गावची. लग्नाआधीपासून ती एका गोदामात काम करते. कुठल्या गाडीत कुठले खोके चढले ते बघणं हे तिचं काम. बोलते कमी. एका सुट्टीच्या दिवशी ती कागद आणि पेन्सिल घेऊन माझ्यापुढे बसली.

"आत्या, आमच्याकडं गाडी भरताना डोक्यावर कुणीच भरवसा ठेवत नाही. दहा वर्षं काम केलेला माणूससुद्धा. खोका आत ठेवला की खूण. आधी नाही, नंतरही नाही. आणि ज्यानं ठेवला त्यानंच करायची."

तिनं चहाची यादी लिहिली. पाणी. साखर. पावडर. आलं. दूध. गाळला. गॅस बंद. सात ओळी, प्रत्येकीपुढे एक रिकामी चौकट.

हजार माणसांना जेवू घातलेल्या बाईला चहाची यादी. मी कागद फाडून चुलीत घातला. ती उठली आणि भांडी घासायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालकांना चहा दिला. त्यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "लई ग्वाड झालाय." चिडून नव्हे, घाबरत म्हणाले. माझा नवरा मला चहा कसा झालाय ते सांगायला घाबरतो, हे मला सोसलं नाही. सून कामाला निघाली होती. तिला दारात थांबवून मी म्हटलं, "ती कालची यादी परत लिव्हून दे."

पहिले पंधरा दिवस खूण करायचंच विसरायची. साखर घालायची, डबा लावायची, आणि मग कागदाकडे बघून गोंधळायची. मग मीच एक नियम केला. डब्याचं झाकण लावायच्या आधी खूण. झाकण उघडं दिसलं म्हणजे खूण राहिली. पेन्सिल सापडायची नाही, म्हणून हळदीच्या ओल्या बोटानं ठिपका द्यायला लागले. साधा कागद भिजायचा, म्हणून मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून घेतले. चहाची यादी झाली, मग भाजीची, मग अख्ख्या दिवसाची. जनावरांना पाणी, औषधाची गोळी, दळण, नातीला शाळेतून आणायचं. शाळेची ओळ मी सर्वांत वर, मोठ्या अक्षरात लिहायची.

मग सुनेनं एक वेगळाच पुठ्ठा आणला. "यावर रोजचं नाही लिहायचं. तुम्हाला काय काय परत करायचंय ते लिहायचं."

मी सांगत गेले. एकटीनं गॅस पेटवायचा. घरातल्यांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक. एकटीनं पौडला जाऊन बाजार. दहा पानं. पन्नास पानं. आणि हसत म्हटलं, "चारशे पानांचं लगीन." ती हसली नाही. तिनं तेही लिहिलं, पुढे चौकट काढली आणि पुठ्ठा फडताळाच्या दाराला आतून चिकटवला.

पौडच्या बाजाराची गंमत सांगते. भाजी, नारळ, वाती, मालकांचं औषध, यादीतलं सगळं घेतलं, एकही वस्तू राहिली नाही. परतीच्या गाडीत मला भारी समाधान वाटत होतं. त्या समाधानात आमचा फाटा मागे गेला. उतरायचं यादीत लिहिलंच नव्हतं. दोन पिशव्या घेऊन उन्हातून तंगडतोड करत घरी आले. मालक म्हणाले, "आता यादीत उतरायचंबी लिव्ह." मी खरंच लिहिलं. पुढच्या वेळी बरोबर उतरले आणि फडताळातल्या त्या ओळीपुढे हळदीचा ठिपका दिला.

दहा पानं घरच्याच श्राद्धाला झाली. पन्नास पानांना सव्वा वर्ष लागलं. तेव्हा आक्का आली होती, पण माझ्यापासून मीठ लांब ठेवून होती. मी ते बघितलं आणि कणीक तिंबायला लागले.

पुढच्या वैशाखात शेजारच्या गावचे एक शेतकरी आले. त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाचा स्वयंपाक मी केला होता, आता धाकटीचं लग्न होतं. चारशे पानं. बारशाची हकिगत त्यांच्याही कानावर गेली असणार, तरी आले. मी आक्काला निरोप धाडला. ती आली, उभीच राहिली.

"मीठ मी घालीन," ती म्हणाली.

"मीठ मीच घालणार. आणि खूण मीच करणार. दुसऱ्या कुणी मिठाला हात लावायचा न्हाई."

"आन चुकलं तर?"

"चुकलं तर परत कढईजवळ येनार न्हाई."

लग्नाच्या आधीचे चार दिवस मी आणि सून पुठ्ठे करत होतो. प्रत्येक पदार्थाचा वेगळा. मसालेभात, आमटी, मटकीची उसळ, लापशी, भजी. कुठलं पातेलं कधी चढवायचं, कुठला विस्तव कधी ओढायचा, सगळं. मांडवामागे दोरी बांधून ते पुठ्ठे कपड्यांसारखे वाळत घातले. पाहुण्यांतल्या दोघीतिघी हसल्या. मी हळदीची वाटी भरून शेजारी ठेवली.

आमटीला उकळी आली आणि तो प्रसंग आलाच. माझं डोकं सांगत होतं, मीठ घातलंय. हाताला मिठाचा खरखरीतपणासुद्धा आठवत होता. पण पुठ्ठ्यावर मिठाची चौकट कोरी होती. मी आक्काकडे वळले. ती विस्तवापाशी वाकलेली होती.

"आक्का, मी मीठ घातलं का गं?"

"मी न्हाई बघितलं, बाई."

नैवेद्य व्हायचा होता, चाखायची सोय नव्हती. मी पुठ्ठ्यापुढे जाऊन उभी राहिले. मग मी स्वतःला विचारलं, गेली दोन वर्षं कोण खरं निघालं, डोकं का पुठ्ठा? डब्याचं झाकणही लावलेलं होतं, आणि खुणेआधी मी झाकण लावत नाही, म्हणजे आमटीसाठी डबा अजून उघडलाच नव्हता. मी मापं मोजून मीठ घातलं. बोट हळदीत बुडवलं, ठिपका दिला. झाकण लावलं. आणि आमटीकडे पाठ करून भज्यांच्या पिठाला लागले.

नैवेद्य झाला. आक्का पळी घेऊन आली, आमटी हातावर घेतली, चाखली. मी पीठ कालवत होते, पण माझं सगळं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे होतं. तिनं पळी परत ठेवली.

"बराबर हाय," म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले. धुरानं असेल.

चारशेचे साडेचारशे जेवले. नवरीच्या आजोबांनी तिसऱ्यांदा आमटी मागून घेतली. संध्याकाळी सगळं आवरल्यावर आम्ही बायका जेवायला बसलो तेव्हा आक्कानं मसालेभाताचा पुठ्ठा दोरीवरून काढून निरखला आणि विचारलं, "ह्यो मला देता का? माझ्या लेकीला दाखवीन." मी म्हटलं, "ह्यो न्हाई. तुला दुसरा करून देते."

माझी आठवण परत आलेली नाही. सकाळी काय खाल्लं ते आजही दुपारी सांगता येत नाही, आणि आता मी ती परत यायची वाटही बघत नाही. त्या लग्नानंतर सात कार्यं केली. एकातही मीठ चुकलं नाही. ह्याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. आधीची बावीस वर्षं देवानं दिलेल्या डोक्यावर निघाली होती. ही सात कार्यं मी एकेक ओळ लिहून, एकेक ठिपका देऊन केली आहेत.