निळा आठवडा

पनवेलच्या बाजारात मी मासळी विकते. कोण काय गळ्यात मारतंय ते मला लांबून कळतं. एका हॉटेलात आम्हा नवराबायकोला फुकट जेवायला बोलावलं, ते टाइमशेअर खपवायलाच.

टायवाल्या सेल्समनने रंगीत कॅलेंडर उलगडलं. महाबळेश्वरच्या रिसॉर्टमध्ये दरवर्षी एक आठवडा आपला. मे महिन्याचा लाल आठवडा सगळ्यांत भारी, जुलैचा निळा सगळ्यांत स्वस्त. तासभर तो लाल आठवडाच रेटत होता.

शेवटी माझं डोकं फिरलं. "आमी कोळी मानसं. मेमधी हे दर्यावर असतात. पावसात होडी किनाऱ्याला ओढली, की मगच घरात सापडतात. निळाच द्या."

"बाई, पावसात तिथे धुक्याशिवाय काही दिसत नाही. निळा कोणी घेत नाही!"

"धुकं चालंल. नवरा दिसला पायजे."

निळाच घेतला. जुलैत पोरांची शाळा बुडवून गेलो. रिसॉर्ट रिकामं, सगळे वेटर आमच्याच दिमतीला. आणि भरदुपारी, भरतीची वेळ न विचारता, माझा नवरा घोरत होता. लग्नाला बारा वर्षं झाली होती. तो आवाज मी पहिल्यांदाच निवांत बसून ऐकला.