चौथ्या राणीचा आठवडा

टीव्ही मामाने आणून दिला, म्हणून मद्रासला मैलापूरच्या आमच्या दोन खोल्यांत इंग्लंडचा राजा आला. सत्तरचं दशक संपत आलं होतं. अप्पा जॉर्ज टाउनात मिरची-धण्याच्या ठोक दुकानात कारकून. टीव्ही घेणं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. मामाचं गिंडीला लेथचं छोटं वर्कशॉप. तो अम्माचा धाकटा भाऊ, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. टीव्ही कशासाठी आला ते सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या तंजावरकडच्या मराठी घरांत बहिणीच्या मुलीवर मामाचा पहिला हक्क. महाराष्ट्रातले लोक हे ऐकून कानांवर हात ठेवतात. आमच्याकडे मामा असताना बाहेरचं स्थळ बघितलं, तर मुलीत काय खोट आहे म्हणून विचारतात.

मी बी.ए., इतिहास घेऊन. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली. हे मी मिरवते आणि मिरवणारच. मला पुढे बी.एड. करायचं होतं, शिकवायचं होतं, आणि मामाशी लग्न करायचं नव्हतं. मामा वाईट असता तर सोपं होतं. लहानपणी त्याने मला खांद्यावर बसवून देवळाचा रथ दाखवला होता. अशा माणसाला नको कुठल्या तोंडाने म्हणायचं?

मालिका इंग्रजीत होती. एक राजा, सहा राण्या, दर आठवड्याला एक राणी. मामा गिंडीहून थेट यायचा, आम्ही चौघं चटईवर बसायचो आणि मी मराठीत सांगत जायचे.

आजवर इतकं पाहिलं, पण तसं काम पुन्हा दिसलं नाही. लढाया नाहीत, घोडे जवळपास नाहीतच. सगळं खोल्यांमध्ये. मेणबत्त्या, मानेला टोचणाऱ्या कॉलर, आणि प्रत्येक दाराशी कुणीतरी उभं. एखादा सरदार आत येऊन जरा जास्तच वाकला, की समजायचं, याचे दिवस भरले. पहिल्या राणीचं काम करणारी बाई हात पोटाशी धरून असायची, हलवायचीच नाही. भर दरबारात ती राजाला उत्तर देऊन चालती झाली, मागून पुकारा झाला तरी वळली नाही, तेव्हाही हात तसेच. ते महाल पुठ्ठ्याचे होते, असं आता लोक म्हणतात. असतील. बाहेर जायला वाट नाही, एवढं दाखवायला पुठ्ठा पुरतो.

त्याच भागात राजा म्हणाला, ही माझ्या भावाची विधवा, म्हणून हे लग्नच पाप.

"इतकी वर्षं संसार करून आता पाप आठवलं? मेला!" अम्मा म्हणाली.

मी संधी साधली. "बघ अम्मा, त्यांच्यात जवळच्या नात्यात लग्न चालत नाही."

"म्हणून तर परक्या पोरी आणाव्या लागतात," अप्पा म्हणाले, "आणि मग त्यांची डोकी उडवावी लागतात. मामाच्या घरी गेलेल्या पोरीचं डोकं कुणी उडवलंय का गे?"

सगळे हसले. मामाही हसला. मी पुढचं वाक्य मराठीत सांगितलं. दुसरं काय करणार होते?

चौथ्या राणीच्या आठवड्यापर्यंत अम्मा भटजींकडून पंचांग बघून आली होती. पोंगलनंतर, म्हणजे संक्रांत झाली की, तै महिन्यात बघू, असं ठरत होतं. ही राणी परदेशातून आलेली, राजाची भाषाही तिला धड येत नव्हती. राजाला ती पाहताक्षणी आवडली नाही. दरबारी कागद घेऊन तिच्याकडे आले. आता हिचंही डोकं जाणार, म्हणून अम्माने तोंडाला पदर लावला. पण राणी शांतपणे कबूल झाली. लग्न झालंच नाही असं धरा, मी राजाची बहीण म्हणून राहीन. तिला घर मिळालं, बाग मिळाली.

"वेडी की काय! राणीपण सोडलं?" अम्मा म्हणाली.

"वेडी नाही. सगळ्यांत शहाणी," मी म्हटलं आणि मामाकडे वळले. "मामा, मलाही तसंच पाहिजे. तू माझा मामाच राहा. मला शिकवायचंय."

टीव्हीतली माणसं इंग्रजीत बोलत राहिली. अप्पा म्हणाले, "बंद कर ते." कुणी उठलं नाही.

मामा पडद्याकडेच बघत होता. "राजा असतो तर सोपं होतं गे," तो म्हणाला. "त्या राजाला अक्का नव्हती."

अम्माची आणि मामाची आई लवकर गेलेली. अम्माने त्याला पोरासारखा वाढवला होता. तिचा शब्द त्याने कधी मोडलेला मी पाहिला नव्हता. त्यालाही हे लग्न नको असेल, हे तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. इतके आठवडे मी त्यालाच राजा समजत होते.

अम्मा माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बी.ए. तुला दहा जण विचारतील. याला कोण देणार मुलगी? दिवसभर तेलात हात घालणाऱ्याला?"

"अक्का, तिला नको तर..." मामाने सुरुवात केली.

"तू गप."

तो पुन्हा पडद्याकडे वळला. मी पुढचं वाक्य मराठीत सांगायला लागले.

त्या संध्याकाळनंतर तै महिन्यापर्यंत थांबायची गोष्टच निघाली नाही. अम्माने जवळचा मुहूर्त धरला. वर शोधायचा नव्हता, घराणं विचारायचं नव्हतं, मग वेळ कशाला लागतो? पाचवी राणी मी कशीबशी सांगितली. मामा त्या दिवशी आला नाही. लग्नाआधी येऊ नये म्हणे. सहावीच्या दिवशी घर तंजावरच्या पाहुण्यांनी भरलं होतं. टीव्हीवर चादर, चादरीवर केळीच्या पानांचे भारे, आणि माझ्या हातांवर ओली मेंदी.

सहावी राणी राजाच्या मागे जिवंत राहिली, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पण त्याच्याबरोबर राहताना ती दिवसभर काय करायची, कुणाशी बोलायची, ते पुस्तकात नव्हतं. ते मला बघायचं होतं.